आराम पडला का?

आठ डिसेंबर, रविवार. समोर परातीत अर्धा किलो गोडंबी पसरली आहे आणि मी चष्मा लावून तिच्यातले टरफलाचे कण वेचते आहे. डिंकाच्या लाडवांत गोडंबी घालायची तर हे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. बिब्ब्याच्या टरफलाचा एवढासा तुकडा आत राहिला तरी खाणाऱ्याचे ओठ सुजतात आणि नाव लाडू करणारीचं निघतं. लाडू मी खेळ शिकवते त्या शाळेतल्या एका मुलीसाठी आहेत. नववीत आहे, आठशे मीटर धावते, आणि सध्या डाव्या नडगीत चीर पडल्याने घरी बसून आहे. काल तिला भेटायला गेले तर तिची आजी मला दारातच म्हणाली, "आता आराम पडला तिले." मी चप्पलही न काढता आत गेले, मुलीच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहून दिली. ती ओळ माझी नाही. माझ्या आईवडिलांच्या घराच्या भिंतीवर ती बरीच वर्षं होती. ती तिथे कशी आली ते या प्रकरणात सांगते.

आमचं घर दिग्रसला, जिनिंगच्या मागच्या वस्तीत. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात कडुलिंब. बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, सुरू व्हायचे आणि त्यांची घरघर थेट उन्हाळ्यापर्यंत आमच्या घरात राहायला यायची. बाहेरच्या माणसाला त्या आवाजाने झोप लागत नसे. आम्हाला रेचे बंद पडले की जाग येई. सकाळी आठला भोंगा वाजे. बाबा त्याच्या आधी दहा मिनिटं निघत आणि संध्याकाळी परत येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, मिशीवर कापसाचे तंतू चिकटलेले असत. माय दारातच त्यांना थांबवून फडक्याने झटके. "म्हातारे होऊन येता रोज," म्हणे. रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकर, वांगं, जवसाची चटणी. शेंगांच्या दिवसांत उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं टोपलं मधे ठेवून सगळे बोलत बोलत सोलत बसत. एवढंच होतं आणि ते पुरत होतं.

मायचा स्वतःचा धंदा बिब्बे फोडण्याचा. व्यापारी पोती आणून टाकायचा, माय फोडायची, आतली गोडंबी वेगळी करून द्यायची. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना काजूची बी फोडण्यासारखं वाटेल. तसं नाही. बिब्ब्याच्या टरफलात काळं, जळजळीत तेल असतं. ते अंगावर उडालं की कातडी भाजते, फोड येतात, सूज चढते. आमच्याकडे त्याला बिब्बा उतणं म्हणतात. माय कामाला बसताना हातांना गोडंतेल चोळी, वरून राख लावी, तोंडाला पदर बांधी. एका सपाट दगडावर बिब्बा उभा धरायचा आणि लाकडी मोगरीने एकच ठोका. हलका पडला तर फुटत नाही, जोराचा पडला तर आतल्या गोडंबीचा चुरा. नेमका पडला तर "कट्" असा आवाज होतो आणि गोडंबी अख्खी बाहेर येते. तो "कट्" मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. मायच्या बोटांची टोकं कायमची काळी होती. शाळेत एकदा कुणीतरी विचारलं, तुझी आई शाईच्या कारखान्यात आहे का. मी हो म्हणाले.

मी धावायला लागले ते कुणी शिकवलं म्हणून नाही. शाळेच्या स्पर्धेत पहिली आले, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला. शाळेत खेळाचे शिक्षक होते, पण त्यांच्याकडे भूगोलही होता आणि भूगोलच त्यांना जड जात होता. माझा खरा कोच म्हणजे रशीदचाचा. चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. पहाटे पाचला मी पुसद रोडने निघायची आणि चाचा सायकलवर माझ्या मागे. मुलगी एकटी कशी जाईल, म्हणून बाबांनी त्यांना एकदा सोबत जायला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं घड्याळ दोरीने हँडलला बांधून आणलं. त्यांच्या सायकलचं मागचं मडगार्ड खडखड वाजे. जगाच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्वतःचं मडगार्ड कधी आवळलं नाही. "तू आवाजावर धावते बेटी," म्हणत, "आवाज बंद झाला तं तुले वाटन चाचा पंक्चर झाला." चाचा माझ्याकडे बघत नसत, ऐकत. पावलं एकसारखी पडली पाहिजेत, एवढीच त्यांची शिकवणी. अकरावीत असताना मी अमरावतीच्या विभागीय स्पर्धेत तीन हजार मीटरला पहिली आले आणि राज्य स्पर्धेसाठी माझी निवड झाली. आमच्या शाळेतून तोवर कुणीही गेलं नव्हतं. फेब्रुवारीत जायचं होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला चाचा एका पहाटे म्हणाले, "तुहा डावा पाय काहीतरी बोलून राह्यला."

"काही नाही चाचा. थंडी आहे."

"थंडीनं दोन्ही पाय बोलते. हा एकटाच बोलून राह्यला."

नडगी महिनाभर दुखत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण चाचांनी बाबांना सांगितलं आणि बाबांनी एक खाडा करून मला एसटीने यवतमाळला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, सांगलीकडचे, नुकतेच आलेले. त्यांनी नडगीवर एका जागी बोट दाबलं. मी छताकडे बघितलं. एक्सरे काढला. फोटो उजेडात धरून ते म्हणाले, "अजून काही दिसत नाहीये. पण बारीक चीर असणार, ती लगेच दिसत नाही. सहा आठवडे आराम. आराम झाला की धावायला माझी काही हरकत नाही." कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं, गोळ्या दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता यात चूक कुठे झाली ते वाचणाऱ्याला कळणार नाही. आम्हालाही कळली नाही. आमच्याकडे ताप उतरला की विचारतात, आराम पडला का. पोट दुखायचं थांबलं, आराम पडला. आराम ही करायची गोष्ट नव्हती, पडायची होती. काम न करता पडून राहण्याला आमच्या वस्तीत शब्दच नव्हता, कारण तसं कुणी राहत नसे. त्यामुळे परतीच्या एसटीत बाबा मला म्हणाले, "फोटोत काही निंघालं नाई. सा हप्ते लागन म्हने आराम पडाले." मीही तेच ऐकलं होतं. डॉक्टरांनी अंदाज सांगितला, असं आम्ही दोघांनी धरलं. घरी आल्यावर मायने विचारलं, काय म्हणाले. बाबांनी सांगितलं. माय म्हणाली, "सा हप्ते? पोट्टीची स्पर्धा निंघून जाईन. आराम पाडाले सा हप्ते कायले पाह्यजे? घरात पोतंभर औषध हाय."

त्याच संध्याकाळी तिने सुई बिब्ब्यात खुपसून तो दिव्यावर धरला आणि निघालेल्या तेलाचे ठिपके माझ्या नडगीवर घातले. एकाखाली एक, सात ठिपके. खेडोपाडी अजूनही करतात. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला, नडगी फुगली, खाज सुटली, फोड आले. त्या आगीपुढे आतलं दुखणं कुठल्या कुठे गेलं. फोड खाली बसेपर्यंत मी धावू शकले नाही, हे तर उघडच. दहाव्या दिवशी खपल्या धरल्या, मी नडगीवर बोट दाबून पाहिलं, दुखलं नाही. धावणं थांबलं म्हणून दुखणं थांबलं होतं. श्रेय बिब्ब्याला गेलं. आज मी शरीराबद्दल जे काही शिकवते ते या एका वाक्यात आहे, पण तेव्हा ते सांगणारं घरात कुणी नव्हतं. बाबा खुशीत म्हणाले, "डॉक्टरले सा हप्ते लागते, तुह्या मायले धा दिवस." चाचा तेवढे कुरकुरले. "इतक्या लवकर? बेटी, सायकलचा नवा रंग बी दोन दिवस वाळू द्या लागते." पण मी बूट बांधून त्यांच्या दुकानासमोर उभी होते. ते निघाले.

तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी, तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी, मला "कट्" असा आवाज ऐकू आला. तो आवाज मी ओळखत होते. क्षणभर वाटलं, इथे रस्त्यावर बिब्बे कोण फोडतंय. मग रस्ता माझ्या तोंडाशी आला. चाचांची सायकल मागे धाडकन पडली आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "या अल्ला." मला त्यांनी कॅरिअरवर बसवलं, माझा पाय स्वतःच्या मफलरने सीटच्या नळीला बांधला आणि तीन किलोमीटर सायकल हाताने ओढत आणली. मडगार्ड पूर्ण वाट वाजत होतं. मी रडले नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. रडले तर चाचा थांबतील आणि उशीर होईल, असा हिशेब होता.

या वेळी फोटोत सगळं दिसत होतं. डॉक्टर तो फोटो हातात घेऊन बाबांवर चढले. "मी तुम्हाला आराम सांगितला होता की नाही? सहा आठवडे सांगितले होते! तीन आठवड्यांच्या आत पळवलीत मुलीला?"

बाबा उभेच होते, टोपी हातात. ते म्हणाले, "साहेब, आराम पडला होता म्हनून तं धावली."

"कसला आराम पडला? घरी बसवली होती का हिला?"

"बसवाचं कायले? दुखनंच नोहतं. पुरा आराम होता."

डॉक्टर पुढचं बोलायला तोंड उघडून थांबले. फोटो खाली ठेवला. मग वेगळ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आराम म्हणजे काय हो?"

"आराम म्हंजे आराम, साहेब. दुखनं गेलं का आराम."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं आणि खुर्ची ओढून ते बाबांच्या समोर बसले. "चूक माझी पण आहे," म्हणाले. माझ्या सतरा वर्षांच्या आयुष्यात एखाद्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून बाबांना उद्देशून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि मराठीत लिहिलं. मी लिहिताना बघत होते. 'प्लास्टर दोन महिने. त्यानंतर एक महिना फक्त चालणे. धावणे बंद. दुखत नसले तरी.' शेवटच्या तीन शब्दांखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ऐक. हे हाड तिसऱ्यांदा गेलं तर मग धावायचं विचारायला माझ्याकडे येऊ नकोस. मी नाहीच म्हणणार आहे." बाबांनी तो कागद घरी आल्यावर कणकेची खळ करून दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीवर चिकटवला. राज्य स्पर्धेचं पत्र पेटीत तळाशी गेलं.

पहिला आठवडा मी माणसात नव्हते. कडुलिंबाखाली खाट टाकलेली, प्लास्टरचा पाय उशीवर, आणि वस्तीतलं प्रत्येक माणूस येता-जाता विचारणार, "आराम पडला का वं?" मी तोंड फिरवायची. रेच्यांची घरघर, लाउडस्पीकर, कोंबड्या, सगळ्याचा राग यायचा. सगळ्यात जास्त त्या "कट्"चा. माय चार हातांवर बसून दिवसभर तेच करत होती. एका दुपारी मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "तूच बिब्बा घातला माह्या धावण्यात."

मराठीत हा वाक्प्रचार सगळीकडे आहे. आमच्या घरात तो कुणी कधी वापरत नसे, कारण बिब्ब्यावर घर चालत होतं. मायने मोगरी खाली ठेवली. हात धुतले, पोतं भिंतीशी सरकवलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपून ती अंगणात येऊन बसली, पण पोतं ओढलं नाही. काळ्या बोटांचे दोन्ही हात मांडीत घेऊन नुसती बसली. आईला रिकाम्या हातांनी बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अर्धा तास झाला. आमच्या घरात माफी कुणी मागत नसे. दुसऱ्याचं काम उचलायची पद्धत होती. मी खाटेवरून घसरत खाली आले, प्लास्टरचा पाय पुढे पसरला आणि म्हणाले, "तेल दे हाताले लावाले."

तिने माझ्याकडे पाहिलं. "उतन तुह्या हातावर."

"उतू दे. पायावर उतला तवा चाललं ना."

ती फस्सकन हसली आणि तेलाची वाटी आणायला उठली. पहिल्या दिवशी माझ्या हातून एक गोडंबी अख्खी निघाली नाही. नुसता चुरा. दगडावर मी मोगरी अशी आपटत होते की शेजारच्या कोंबड्या पळाल्या. मायने माझं मनगट धरलं. "रागानं नोको मारू. बिब्ब्याले राग समजत नाई, आतल्या गोडंबीले समजते." म्हणजे कसं मारू, विचारलं तर म्हणाली, "जितकं लागते तितकंच. जोर हाय म्हनून पुरा जोर लावाचा नसते." हे वाक्य पुढे मी तीन हजार मीटरच्या पहिल्या दोन फेऱ्यांबद्दल किती मुलींना सांगितलं असेल. बिब्ब्याचा उल्लेख न करता सांगते, कारण त्यांना बिब्बा माहीत नसतो.

महिन्याभरात माझ्या दहांतल्या सात अख्ख्या निघू लागल्या. तळहातावर दोनदा बिब्बा उतला, बोटांची टोकं काळी पडली. मी ती लपवली नाहीत. एका रविवारी चाचा एक जुनी लेडीज सायकल घेऊन आले, तिला दुकानातल्या लोखंडी स्टँडवर असं चढवलं की मागचं चाक अधांतरी फिरेल आणि बसल्यावर माझा खांदा कडुलिंबाला टेकेल. डावं पॅडल त्यांनी काढूनच टाकलं होतं. डावा पाय ठेवायला पुढे डबा. माझा उजवा पाय त्यांनी जुन्या ट्यूबच्या पट्टीने उजव्या पॅडलला बांधला. "एकाच पायानं फिरव. खालून ढकल, वरून ओढ." मी म्हणाले, आधी डॉक्टरला विचारा. चाचा माझ्याकडे बघत राहिले. "ये हुई ना बात," म्हणाले, आणि बाबांनी पुढच्या खेपेला विचारून येईपर्यंत सायकल तशीच उभी राहिली. डॉक्टरांनी उजव्या पायापुरती परवानगी लिहून दिली. मग रोज आठच्या भोंग्यापर्यंत मी झाडाला टेकून एका पायाने सायकल मारायची, रेच्यांच्या ठेक्यावर. चाचींनी तेवढ्यातच पाया पाठवायला सुरुवात केली, शेळीच्या खुरांचा दाट, मिरी घातलेला रस्सा. "पायाले पायाच लागते," असा त्यांचा निरोप असे. मी दोन महिन्यांत इतका पाया प्यायले की बाबा म्हणत, आता ही चार पायांनी धावेल.

फेब्रुवारीत राज्य स्पर्धा झाली. त्या दिवशी मी काय केलं ते आठवत नाही. बिब्बेच फोडले असणार. मार्चच्या शेवटी प्लास्टर निघालं. आतून निघालेला पाय माझा वाटत नव्हता, सोललेल्या काठीसारखा होता. नडगीवर बिब्ब्याचे सात काळे ठिपके मात्र शाबूत. चालायला लागले. पहिल्या आठवड्यात अंगण, दुसऱ्यात जिनिंगच्या फाटकापर्यंत, तिसऱ्यात पुसद रोडचा पहिला दगड. दुखत नव्हतं. अजिबात नव्हतं. भिंतीवरच्या कागदाखाली मी कोळशाने तीस रेघा मारल्या होत्या आणि रोज एक खोडत होते.

चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत दौड असते. तोवर ती मुलांचीच होती. त्या वर्षी मंडळाने मुलींची ठेवली आणि ती माझ्यामुळे ठेवली, हे सगळ्यांना माहीत होतं. तेराच्या संध्याकाळी मंडळाचे संजूभाऊ दारात आले. हातात नंबराचं कापड, एक नंबर.

"जयभीम मावशी. सुजाता, आराम पडला का?"

"पडला भाऊ."

"पुरा?"

"पुरा."

"मंग झालं तं. उद्या सात वाजता. दोनच किलोमीटर हाय, तुह्यासाठी चनेफुटाने." त्यांनी कापड पुढे केलं.

मी भिंतीकडे बोट दाखवलं. "दहा दिवस बाकी आहेत."

संजूभाऊंनी कागद वाचला. "आता दुखत नाई म्हनतेस अन् हे काय? कागद पाहून कोनी धावते का?"

"धावत नाही. थांबते."

"अवं पुऱ्या वस्तीची इज्जत हाय. आपल्या पोट्टीनं जिंकाव म्हनून ठेवली दौड. तुले भेव वाटते का?"

या शेवटच्या शब्दावर मी कापड घेतलं असतं. हात निघालाही होता, हे मी इथे लिहून ठेवते. पाय ठणठणीत होता, राज्य स्पर्धा गेली होती, आणि वस्तीसमोर धावण्याची ही पहिलीच संधी होती. एका बाजूला दोन किलोमीटर, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचं 'नाहीच म्हणणार आहे'. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली माय, न वळता, म्हणाली, "संजू, मागच्या बारीले दुखत नोहतं तवाच मोडला तो पाय. मीच माह्या ह्या हातानं आराम पाडला होता. आता ते तिच्या हिशेबानं थांबून राह्यली. कापड घरी ने." वस्तीसमोर स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगणं मायला किती जड होतं ते मला माहीत होतं. मी हात मागे घेतला.

दौडीत मी वळणावर उभी राहिले, जिनिंगच्या फाटकाजवळ, निळा झेंडा धरून. मुलींनी मला वळसा घालून परत फिरायचं होतं. चौदा जणी होत्या. पहिली मुलगी वळली तेव्हा मी चाचांच्या हँडलवरचं घड्याळ पाहिलं. तिच्यापेक्षा मी खूप पुढे असते. बढाई नाही, घड्याळ होतं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "लंगडी, झेंडा तं सरळ धर!" हशा झाला. झेंडा सरळच होता. माझा डावा पाय मात्र जागच्या जागी रस्त्यावर ठेका धरत होता. चाचा कानाशी म्हणाले, "बेटी, पाय बोलून राह्यला."

"बोलू द्या. मी ऐकत नाही."

नंतर मी राज्य पातळीवर धावले, पदकंही मिळाली, ती कपाटात आहेत. पण कुणी विचारलं, कुठल्या शर्यतीचा जास्त अभिमान वाटतो, तर मी त्या सकाळचं नाव घेते. माझ्याआधी आमच्या वस्तीत कुणी न दुखणाऱ्या पायावर थांबलं नव्हतं.

संध्याकाळी घरोघरी खीर-पुरी होती. आमच्याकडे त्याबरोबर डिंकाचे लाडू होते, आणि लाडवांत गोडंबी. फोडलेली गोडंबी व्यापाऱ्याकडे जायची. इतक्या वर्षांत ती आमच्या ताटात कधी आली नव्हती. माझ्या हातून अख्ख्या निघालेल्यांतली मूठभर मायने बाजूला ठेवली होती. लाडू तोंडात फुटला की गोडंबी दाताखाली येत होती, अख्खी. बाबांनी दुसरा लाडू घेत विचारलं, "पाय कसा हाय?"

"आराम हाय."

"कोनता आराम?" बाबांनी विचारलं. "आपला का डॉक्टरचा?"

"दोन्ही."

बाबा मान हलवत बराच वेळ हसत होते. मायने तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी पाचला उठले. पेटीतून बूट काढले, घातले, नाड्या घट्ट बांधल्या आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. रशीदचाचांचं मडगार्ड खडखडत दारावरून पुसद रोडकडे गेलं; त्यांनी थांबून पाहिलं नाही, मी उठले नाही. तिसऱ्या दगडापर्यंत जाऊन परत यायला मला धावत जेवढा वेळ लागत असे तेवढा वेळ मी तशीच बसले. खडखड परत आली. मी नाड्या सोडल्या, बूट पुसून पेटीत ठेवले, कागदाखालची आणखी एक रेघ खोडली. आठ राहिल्या. मग हातांना तेल चोळलं, राख लावली, पोतं ओढलं आणि पहिला बिब्बा दगडावर उभा धरून ठोका दिला. अख्खी निघाली.